फाटलेली पुस्तकं दाखवा

तिसरीतली पोर. वैनगंगेचा पूल ओलांडून रोज ऑटोने भंडाऱ्याच्या एका कॉन्व्हेंटात जाते. एका संध्याकाळी माझ्या सपरीत, म्हणजे ओसरीत आली, दप्तर उघडलं, इंग्रजीचं पुस्तक काढलं आणि धडा वाचायला लागली. खणखणीत आवाज, कुठेही अडखळणं नाही. स्वल्पविरामाला थांबली नाही, पूर्णविरामाला श्वास घेतला नाही, सगळं एका दमात. तिची आजी बाजूला बसून कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मी पुस्तकाच्या पानावर तळहात ठेवला. वाचन थांबलं नाही. पोरीचे डोळे माझ्या हातावर फिरत राहिले आणि पुढच्या चार ओळी तशाच खणखणीत बाहेर पडल्या.

मग मी त्याच धड्यातले तीन शब्द निवडले आणि क्रम बदलून पाटीवर लिहिले. तिला एकही वाचता आला नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी बत्तीस वर्षं शिकवलं आणि २०२० साली निवृत्त होऊन कारध्याच्या घरी आले. त्या पोरीच्या शाळेचं नाव लिहिणार नाही. मी शिकवलेल्या शाळेतलं एखादं मूल तिच्या जागी बसवलं असतं तरी हेच घडलं असतं, फक्त आवाज इतका मोठा निघाला नसता. तिच्या बापाने फी भरली, बाईंनी वहीत ‘गुड’ लिहिलं, आजीने बोटं मोडून दृष्ट काढली, आणि या सगळ्यांत तिला वाचायला मात्र कुणीच शिकवलं नाही. धडा तोंडपाठ करून घेतला आणि त्यालाच वाचन म्हणतात असं तिला सांगितलं. आठ वर्षांच्या मुलीची ही फसवणूक आहे. याला दुसरा सौम्य शब्द मला माहीत नाही आणि असला तरी मी तो वापरणार नाही.

प्रथम संस्था २००५ पासून गावोगाव ‘असर’ नावाची पाहणी करते. पाहणी करणारा घरी येतो, मुलाच्या हाती दुसरीच्या पातळीचा, त्याच्याच राज्याच्या भाषेतला उतारा देतो आणि वाच म्हणतो. उतारा आधी पाहिलेला नसतो, त्यामुळे पाठांतर कामाला येत नाही. २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्क्यांना हा उतारा वाचता आला. २०२४ साली ४८.८ टक्क्यांना. म्हणजे पाचवीतलं अर्धं गाव दुसरीचं वाचू शकत नाही. इंग्रजीची साधी वाक्यं वाचू शकणारी पाचवीतली मुलं २०१६ साली २४.७ टक्के होती, २०२२ साली २४.५ टक्के. मधल्या सहा वर्षांत आमच्या रस्त्यावर किती कॉन्व्हेंटांच्या पाट्या लागल्या, किती पिवळ्या गाड्या पुलावरून धावायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आकडा मात्र जागचा हलला नाही.

हे दोन आकडे वेगवेगळे वाचू नका. जे मूल कोणत्याच भाषेत वाचत नाही ते इंग्रजीतही वाचणार नाही. वाचणं एकदाच शिकावं लागतं. कागदावरच्या खुणांतून आवाज निघतो, आवाजातून शब्द उमटतो, शब्दातून अर्थ लागतो आणि अर्थ लागला की पुढचं पान उलटावंसं वाटतं. ही वाट मुलाला एकदा त्याच्या बोलीत सापडली की दुसऱ्या भाषेत तो तीच वाट शोधत जातो. ती सापडलीच नाही, तर पाच भाषा घातल्या तरी पाच भाषांचं पाठांतर तेवढं मिळेल.

आणि बोली म्हणजे कोणती? पुस्तकातली मराठी ही कारध्याच्या पोराची घरची भाषा नाही. या पट्ट्यात झाडीबोली बोलतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातलं. तिच्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. डोळ्याला डोरा म्हणतात, पाण्याला पानी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गातला एक मुलगा पुस्तकातला ‘डोळा’ हा शब्द बघायचा आणि ‘डोरा’ म्हणायचा. मी त्याला उभं करायची, ‘ळ’ म्हणायला लावायची, वर्ग हसायचा. कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की वर्गात खऱ्या अर्थाने वाचत होता तो एकटाच. बाकीचे अक्षरांचा आवाज काढत होते. त्याने छापील शब्द पाहिला, अर्थ ओळखला आणि तो आपल्या भाषेत सांगितला. वाचन यापेक्षा वेगळं काय असतं? मी त्याची चूक काढली. आठवडाभरात तो वाचायला उभा राहीनासा झाला, आणि चौथी होईपर्यंत पुन्हा कधी आपणहून उभा राहिला नाही. तो आज कुठे आहे मला ठाऊक नाही. त्याची माफी मागायची राहिली आहे.

म्हणजे आमच्या मुलाची पहिली भाषा झाडी, दुसरी पुस्तकी मराठी, तिसरी इंग्रजी. पहिलीतल्या सहा वर्षांच्या जिवावर आपण दोन नव्या भाषा आणि दोन नव्या लिप्या एकदम टाकतो. त्यात २०२५च्या एप्रिलमध्ये हिंदीही पहिलीपासून आणायचा आदेश निघाला. जूनमध्ये सुधारून पुन्हा निघाला आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्रात भाषेवर जेवढं भांडण झालं तेवढं मी माझ्या नोकरीच्या काळात पाहिलं नव्हतं. मराठीची बाजू घेणाऱ्यांनी योग्य बाजू घेतली. पण त्यांतल्या किती जणांनी आपल्या गावच्या शाळेत जाऊन दुसरीतल्या पोराला मराठीतली पाच ओळींची गोष्ट वाचायला दिली? मोर्चाला वेळ मिळाला. शाळेत जायला कुणालाच का मिळाला नाही?

इंग्रजीबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते, नाहीतर मला इंग्रजीविरोधकांच्या रांगेत उभं केलं जाईल. २०००च्या जूनमध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी आमच्याकडे इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. मोठ्या शहरांतल्या मोठ्या लोकांनी तेव्हा या निर्णयावर झोड उठवली, त्यांतल्या अनेकांची मुलं इंग्रजी माध्यमात शिकत होती. मी निर्णयाच्या बाजूने बोलले, आजही बोलते. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. हरले, पण आमच्या वस्त्यांत भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि त्यांच्या हातात पुस्तक आहे. मुंबईत त्यांनी राजगृह बांधलं तेच मुळी पुस्तकांना जागा हवी म्हणून. ज्या आईने रोवणीच्या चिखलात वाकून मजुरी केली आणि त्यातून पोरीची कॉन्व्हेंटची फी भरली, तिला ‘मातृभाषेतून शिकव’ हा उपदेश करायचा अधिकार मला नाही, कुठल्या संपादकाला नाही, कुठल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांनाही नाही. तिला इंग्रजी हवं आहे आणि ते मागण्यात ती बरोबर आहे. तिने मागितलं इंग्रजी आणि तिच्या हाती टाय, बूट, डायरी आणि पाठांतर दिलं गेलं. माझा राग यावर आहे.

शिकवलं कसं जातं ते बघा. सी-ए-टी कॅट. पहिलीतल्या एका पोराने मला विचारलं होतं, “मॅडम, सी म्हणून राह्यले ना तुमी, मंग ‘सॅट’ काहून नाही?” शंभर टक्के बरोबर प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मला ते कुणी शिकवलंच नव्हतं. “इंग्रजीत तसंच असते,” असं म्हणून मी त्याला खाली बसवलं. खरं उत्तर फार साधं आहे. इंग्रजी अक्षराचं नाव वेगळं आणि त्याचा आवाज वेगळा. अक्षरं सव्वीस, आवाज सुमारे चव्वेचाळीस. मुलाला वाचायला आवाज लागतो, नाव लागत नाही. आपण दोन-दोन वर्षं नावं घोकून घेतो आणि मग स्पेलिंगं पाठ करायला लावतो, जणू प्रत्येक शब्द हा एक वेगळा मोबाइल नंबर आहे.

आमच्या मुलांना तर आवाजाचं अंग जन्मजात म्हणावं इतकं पक्कं करून मिळतं. आपली वर्णमाला घशापासून ओठापर्यंत उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेली आहे. बाराखडी म्हणणारं मूल एकाच व्यंजनाला बारा स्वर जोडून बघतं. आवाज सुटा करायची आणि जोडायची एवढी चांगली तालीम इंग्रजीच्या मुलाला मिळत नाही. तिचा उपयोग करा की! एस, ए, टी, पी, आय, एन. पहिल्या आठवड्यात ही सहाच अक्षरं घ्या, त्यांचे आवाज सांगा, आणि सॅट, पिन, टॅप, नॅप, पॅन, टिन, सिट असे कितीतरी शब्द पोरं स्वतः जुळवतात. ‘द’, ‘सेड’, ‘वॉज’ असले आडमुठे शब्द थोडे आहेत, ते बघून बघून ओळखीचे होतात. ए टू झेड गाणं पुढे कधीतरी म्हणा, कुणाचं काही बिघडत नाही.

मराठीतही तेच. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि गोष्ट कधी? दुसरी संपताना. तोवर मुलाचा जीव गेलेला असतो. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी हे चाळीसेक वर्षांपूर्वी मोडून दाखवलं. बाई मूळच्या अमेरिकेतल्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, इथे आल्या आणि भारतीय नागरिक झाल्या. मूठभर अक्षरं आणि एक-दोन काना-मात्रा घ्यायच्या, त्यांतून लगेच शब्द, लगेच वाक्य, लगेच अर्थ. क, म, न, ल आणि काना-वेलांटी एवढ्यावर काका, मामी, नाक, कान, कमल, माल, नाना असं अख्खं घर उभं राहतं. त्यांची कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाची, आणि तिथली मुलं इंग्रजीला घाबरत नाहीत. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला नीलेश निमकरांची क्वेस्ट ही संस्था आदिवासी मुलांसोबत याच वाटेने काम करते. म्हणजे हे महाराष्ट्राला माहीत नाही असं नाही. माहीत असून केलं जात नाही.

आता कपाटाकडे येते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात २००९ पासून लिहिलेलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. पुस्तकं येतात. गठ्ठ्याने येतात, डेडस्टॉक रजिस्टरला चढतात, लोखंडी कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. किल्ली मुख्याध्यापकाच्या ड्रॉवरमध्ये. का? कारण पुस्तक हरवलं तर जबाबदार कोण? ऑडिटला काय दाखवायचं? पगारातून वसुली झाली तर? एका शाळेचा चार्ज घेताना मी अशी पुस्तकं मोजून घेतली. सात वर्षांपूर्वी आलेली होती. कितीतरी पुस्तकांची पानं छापखान्यातून निघाली तशी कडेला एकमेकांना चिकटलेली. त्या सात वर्षांत त्या शाळेतून किती मुलं पहिलीत येऊन चौथी पास होऊन गेली असतील, आणि त्यांतल्या एकाचंही बोट त्या पानांना लागलं नाही. मी काय केलं? सगळी मोजली, सही केली, कुलूप लावलं. पुढची कितीतरी वर्षं मीही तेच करत राहिले.

ते कुलूप माझ्या हातून शेवटी पुराने काढलं. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगा चढली. कारध्याच्या पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात, धोक्याची खूण सगळ्या गावाला पाठ आहे. त्या वेळी पाणी ती खूण मागे टाकून काठच्या वस्त्यांत शिरलं. माझ्या घरातल्या खालच्या फडताळातली पुस्तकं भिजली. पाणी ओसरल्यावर मी ती अंगणात बाजेवर, दोरीवर, सुपात, जिथे जागा मिळेल तिथे उन्हात मांडली. कोरोनामुळे शाळा बंद होत्या. पोट्टे दिवसभर मोकळे. मी चार जणांना हाक मारली आणि म्हटलं, “बाबांनो, दर थोड्या वेळाने यायची पानं उलटा रे, नाहीतर चिकटून बसतील.” पोरं पानं उलटायला बसली. दुपारी चहा टाकून बाहेर आले तर पानं उलटायची थांबली होती. एक पोरगा पालथा पडून ‘किशोर’चा जुना अंक बघत होता. दोघी बहिणी एका चित्राच्या पुस्तकावर भांडत होत्या. एकाला वाचता येत नव्हतं, तो चित्रांवर बोट ठेवून आपल्याच मनाने गोष्ट रचून लहान भावाला सांगत होता. चिखलाचा वास येणारी, फुगलेली, डाग पडलेली पुस्तकं. त्या क्षणी मला माझ्या बत्तीस वर्षांची लाज वाटली. मुलांना वाचनाची आवड नाही, असं मी किती बैठकांत बोलले होते! आवड होती. पुस्तक हाताला लागत नव्हतं.

तेव्हापासून माझ्या सपरीत कपाट नाही. फळ्या आहेत, मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर. रोज संध्याकाळी अर्धा तास मी मोठ्याने वाचते, मुलं ऐकतात. कॉन्व्हेंटचीही येतात, जिल्हा परिषदेचीही येतात, कधी कुणाची आजी येऊन दाराशी बसते. प्रश्नोत्तरं नाहीत. या गोष्टीपासून काय बोध घेतला, हा प्रश्न माझ्या सपरीत कुणी विचारायचा नाही, असा नियमच आहे. चांगल्या गोष्टीच्या शेवटी बोध विचारणं म्हणजे जेवल्यावर मुलाच्या घशात बोट घालण्यासारखं आहे. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि इंग्रजीतही, फुकट. पुलापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणते आणि सुईदोऱ्याने शिवते. ‘किशोर’ १९७१ पासून बालभारती काढते, त्याचे जुने अंक संगणकावर कुणालाही बघायला मिळतात. म्हणजे पैसे नाहीत, हे कारण मला सांगू नका.

इंग्रजीही इथेच शिकतो. आधी गोष्ट मराठीत ऐकायची, दोन दिवसांनी तीच इंग्रजीत. गोष्ट माहीत असते, म्हणून शब्दांचा अंदाज बांधता येतो. मग अंगणातल्या वस्तूंवर बोलायचं. एका संध्याकाळी दुसरीतला पोरगा शेजारच्या बकरीकडे बघून म्हणाला, “द बकरी इज अंडर द बाज.” एक पाहुणे बसले होते, शिकले-सवरलेले. त्यांनी लगेच दुरुस्त केलं, गोट म्हण, कॉट म्हण. मी त्यांना थांबवलं. त्या वाक्यात इंग्रजीचा सगळा सांगाडा बरोबर आहे. क्रियापद जागेवर, ‘अंडर’ जागेवर, ‘द’ दोन्ही ठिकाणी. बकरी आणि बाज हे दोन शब्द तेवढे झाडीपट्टीतले, ते महिनाभरात बदलतील. त्याने स्वतःच्या डोक्याने इंग्रजीत एक गोष्ट सांगितली, जी त्याला कुणी पाठ करून दिलेली नव्हती. कॉन्व्हेंटमध्ये चार वर्षं ‘मे आय कम इन’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांनी अजून असं एकही वाक्य केलेलं नाही.

सुरुवातीला सांगितली ती पोर आता चौथीत आहे. हळू वाचते. ओळीखाली बोट धरते, अडते, मागे जाते. तिच्या आजीला हे काही पसंत नाही. “मॅडम, पयले बरी फाडफाड वाचत होती,” असं ती मला दोनदा बोलून गेली. मध्ये एकदा ती इंग्रजीतली हत्तीची गोष्ट वाचत होती आणि मी मुद्दाम पुन्हा पानावर हात ठेवला. तिने माझं मनगट धरून बाजूला केलं. “हात काढा ना मॅडम, दिसून नाही राह्यलं.”

पण माझी सपरी म्हणजे शाळा नाही, आणि निवृत्त बायकांच्या सपऱ्यांवर राज्याचं शिक्षण चालत नसतं. हे काम शाळेचं आहे. ते शाळेत का होत नाही, याचं जे कारण माझ्या जातभाईंना सर्वांत झोंबेल ते आता लिहिते. मास्तर वाचत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका शिक्षण परिषदेत मी विचारलं होतं, गेल्या सहा महिन्यांत अभ्यासक्रमाबाहेरचं एखादं पुस्तक कुणी पूर्ण वाचलं? पस्तीस-चाळीस शिक्षक होते. तीन हात वर आले. एकाने तर विचारलं, “वाचायला वेळ कुठे आहे मॅडम?” वेळ नाही हे खरं आहे. मतदार याद्या त्याच्याकडे, आहाराची रोजची ऑनलाइन नोंद त्याच्याकडे, आधार जुळवणं त्याच्याकडे, एका शिक्षकाकडे दोन वर्ग तर कुठे चार. या ओझ्याविरुद्ध मी मोर्चात चालले आहे, पुन्हा चालेन. शिक्षण सेवकाला कित्येक वर्षं महिना सहा हजारांवर राबवलं, २०२३ साली कुठे सोळा हजार केले, यावरही मी भांडले. पण दिवसाचे दोन तास मोबाइलवर जातात ते कोणत्या आदेशाने? ज्याने स्वतः कधी पुस्तकात हरवून भात करपवला नाही, तो मुलाला ती गोडी कुठून देणार? पोहता न येणाऱ्याने नदीकाठी उभं राहून पोहायला शिकवावं तसं चाललं आहे. मुलं मास्तरला बघून शिकतात. त्यांनी मास्तरला पुस्तक वाचताना कधी पाहिलेलंच नाही, रजिस्टर भरताना तेवढं पाहिलं आहे. आणि जो मास्तर स्वतःचं पोर पुलापलीकडच्या कॉन्व्हेंटात घालतो, तो स्वतःच्या शाळेबद्दल गावाला काय सांगतो आहे, हे गावाला न बोलता कळतं.

वरून होतं काय, तर उत्सव. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन, २०१५ पासून. त्या दिवशी कपाट उघडतं, पुस्तकं दोरीला लटकतात, मुलं पुस्तक छातीशी धरून उभी राहतात, फोटो निघतो, गटावर जातो, कपाट बंद होतं. पुढचं पान वाचायचं राहिलेल्या मुलाच्या हातून पुस्तक काढून घेताना मी पाहिलं आहे. २०२४च्या महावाचन उत्सवात मुलांनी वाचलेल्या पुस्तकावर लिहायचं, मिनिटभर बोलताना चित्रफीत काढायची आणि ती संकेतस्थळावर चढवायची, असं ठरलं. ज्या शाळेत नेटवर्क येत नाही तिथला शिक्षक पोरांना घेऊन रस्त्यावर उभा राहिला, बोलायचं काय ते त्यानेच लिहून दिलं, पोरांनी पाठ केलं. पुन्हा पाठांतर! वाचनाच्या उत्सवातसुद्धा पाठांतर! ज्यांनी हे आखलं त्यांची नियत चांगली असेल. पण फोटो, चित्रफीत आणि टक्केवारी मागितली की शाळा फोटो, चित्रफीत आणि टक्केवारी तयार करते. मूल कोपऱ्यात एकटं बसून पुस्तक वाचतं त्याचा फोटो काढता येत नाही. काढायला गेलं की ते वाचायचं थांबतं.

म्हणून मागणी करते. विनंत्या करून झाल्या, सेवेत असताना पुष्कळ अर्ज केले. पहिली ते पाचवी रोजचा अर्धा तास वेळापत्रकात फक्त वाचनाचा हवा, आणि त्यातला निम्मा वेळ शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यावर चाचणी नको, अहवाल नको, लिंक नको. इंग्रजीची पहिली दोन वर्षं ऐकणं, बोलणं आणि आवाज यांची, स्पेलिंगच्या परीक्षेची नकोत. मूल झाडीत उत्तर देत असेल तर ते बरोबर धरायचं. आणि पुस्तक डेडस्टॉकमधून काढा. खडू आणि तांदूळ संपतात तसं पुस्तकही वापरून संपायची वस्तू म्हणून धरा. ते संपलं तर मास्तरला विचारणा होता कामा नये. न संपल्यास व्हावी.

तपासणीला येणाऱ्या साहेबांनो, पुढच्या वेळी रजिस्टर मागू नका. सरळ कपाटाजवळ जा. किल्ली सापडायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. मग कुठलीही पाच पुस्तकं काढा. शिवण उसवलेली असेल, कोपरे दुमडलेले असतील, हळदीचा डाग असेल, कुणी हत्तीला पेनाने मिशा काढल्या असतील, तर त्या शिक्षकाला शाबासकी कागदावर लिहून द्या आणि नव्या पुस्तकांचे पैसे त्याच आठवड्यात पाठवा. पानं चिकटलेली निघाली तर नोटीस काढू नका. सतरंजी अंथरायला सांगा, पहिली-दुसरीची मुलं गोळा करा, खाली बसा, त्यांतलं एक पुस्तक उघडा आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. गोष्ट संपेपर्यंत उठू नका.